मटची, टोळ आणि नाकतोडा

छांदोग्य उपनिषदाच्या पहिल्या अध्यायात, दहाव्या खंडात, उषस्ती चाक्रायणाची गोष्ट येते. कुरुदेश ‘मटची’ने उद्ध्वस्त झालेला. हा विद्वान ब्राह्मण बायकोसह हत्तीवाल्यांच्या गावात हलाखीत राहतो आहे. एक जण कुल्माष खात बसलेला पाहून तो त्याचे उष्टे मागून खातो, पण उष्टे पाणी घेत नाही. कुल्माष खाल्ले नसते तर जगलो नसतो, पाण्याला मात्र तोटा नाही, असे त्याचे म्हणणे.

ही मटची कोण? शंकराचार्य भाष्यात ‘अशनी’ म्हणजे वीज असा अर्थ देतात. माक्स म्युलरने गारा मानल्या. देवदत्त रामकृष्ण भांडारकरांनी १९१८ साली कलकत्त्याच्या व्याख्यानांत निराळीच वाट धरली: कानडीत ‘मिडिचे’ म्हणजे नाकतोडा, टोळ, मटची हे त्याचेच संस्कृत रूप.

मला भांडारकरांचे पटते, आणि ते केवळ ध्वनिसाम्यामुळे नव्हे. पाणी मुबलक आहे, म्हणजे अवर्षण नाही. गारपीट बहुधा पट्ट्यापट्ट्याने होते, शेजारचा शिवार वाचतो. पाणी असून देशभर दाणा नाही, हे काम टोळांचेच असावे. (पुरावा म्हणून हे तोकडे आहे, पण भूक हीसुद्धा साक्षच.)

संस्कृतात ‘शलभ’ दिव्यावर झेपावला की पतंग आणि ‘ईतीं’च्या यादीत, अतिवृष्टी व उंदरांच्या शेजारी बसला, की टोळ. मराठीने मात्र गवतातला एकटा तो नाकतोडा आणि झुंडीने येतो तो टोळ, अशी फारकत ठेवली. १९२१ साली बोरिस उवारोव्ह या कीटकशास्त्रज्ञाने दाखवले, की टोळ ही वेगळी जात नव्हे. काही जातींचे नाकतोडे दाटीवाटीत वाढले की रंग, रूप आणि वागणे बदलून टोळ होतात. प्राणी तोच, पण शेतकऱ्याला दोन शब्द हवेच होते, कारण एकाने पाने कुरतडली जातात आणि दुसऱ्याने वर्ष जाते.

पुढे धाडी विरळ झाल्या आणि शब्द सैलावला. न सांगता आलेल्या पाहुण्यांना आपण हसत ‘टोळधाड’ म्हणू लागलो. मग मे २०२० मध्ये वरूड-मोर्शीच्या संत्राबागांवर आणि पुढे काटोलकडे खरे टोळ उतरले. लोक डबे बडवत, धूर करत बागांतून फिरले. त्या दिवसांत तिकडे हा शब्द पाहुण्यांसाठी कोणी वापरला असेल, असे वाटत नाही.