बाथरूममधली काळी बुरशी: ॲसिड ओतण्याआधी हे वाचा

उरण तालुक्यातलं चिरनेर असो की शेजारचं पनवेल, जुलै उजाडला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. टाइल्सच्या सांध्यांत काळे ठिपके, दाराच्या चौकटीला पांढरट लव आणि कपाट उघडलं की कुबट वास. मग कुणीतरी दुकानातून ॲसिडची बाटली आणतं, ओततं, फेस येतो, सांधे पांढरे दिसतात. पंधरा दिवसांत काळे ठिपके पुन्हा हजर.

असं का होतं? टाइल्सच्या सांध्यांत भरलेलं ग्राउट बहुतेक वेळा सिमेंटचं असतं आणि ॲसिड सिमेंट खातं. वरचा काळा थर जातो खरा, पण त्यासोबत सांध्याचा गुळगुळीतपणाही जातो. खडबडीत, सच्छिद्र झालेल्या सांध्यात पाणी जास्त वेळ टिकतं. म्हणजे आपणच बुरशीला चांगली जागा करून दिली. शहाबादी, कडप्पा, कोटा हे चुनखडीचेच दगड आहेत, त्यामुळे ॲसिडने तेही खरवडल्यासारखे होतात. संगमरवर आणि मोझॅकचंही तेच. व्हिनेगर आणि लिंबू सौम्य असले तरी आम्लच, त्यामुळे या फरशांवर तेही नको.

एक चूक जिवावर बेतू शकते

ॲसिडने काम झालं नाही म्हणून त्यावर ब्लीच ओतणं, किंवा ब्लीचनंतर लगेच टॉयलेट क्लीनर टाकणं. बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते ब्लीचला भेटलं की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात एप्रिल 1915 मध्ये ईप्र इथे सैनिकांवर सोडला होता, तोच हा वायू. लहान, बंद बाथरूममध्ये तो पटकन साठतो. गावात विहिरीत टाकायला वापरतात ती टीसीएल पावडरही ब्लीचच आहे, तिलाही हाच नियम लागू. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरशीही ब्लीच मिसळू नका. चुकून मिसळलंच, तर पुसत बसू नका. आधी बाहेर मोकळ्या हवेत या. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरकडे जा.

आणि हो, व्हॉट्सॲपवर फिरणारं व्हिनेगर अधिक खाण्याचा सोडा हे मिश्रण धोकादायक नाही, पण फारसं उपयोगाचंही नाही. दोन्ही एकमेकांना मारून टाकतात. फेस म्हणजे कार्बन डायऑक्साइड, खाली उरतं ते जवळपास खारट पाणी.

मग काढायची कशी?

दार-खिडकी उघडा, एक्झॉस्ट लावा, हातमोजे आणि मास्क घाला. कोरडी बुरशी खरवडू नका, तिचे सूक्ष्म बीजाणू घरभर उडतात. आधी पाणी मारून ओली करा. मग साधी कपडे धुण्याची पावडर आणि ताठ ब्रश. निम्मं काम इथेच होतं. टाइल्सवर डाग उरले तर धुऊन घेतल्यावर चार लिटर पाण्यात जास्तीत जास्त एक कप घरगुती ब्लीच मिसळून लावा, दहा मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा आणि वायपरने कोरडं करा. सांध्यातलं सिलिकॉन आतपर्यंत काळं झालं असेल तर घासून उपयोग नाही, ते कापून नवीन भरा.

भिंतीवर पांढरं काही दिसलं की ती बुरशीच असते असं नाही. पाण्याचा थेंब टाकून पाहा. विरघळलं तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार. अंगणातलं हिरवं, निसरडं शेवाळ वेगळंच प्रकरण. ते खराट्याने घासून लगेच काढा, कारण म्हाताऱ्या माणसांना त्याचा धोका बुरशीपेक्षा मोठा आहे.

पाणी कुठून येतंय?

खरा प्रश्न हाच. रायगड जिल्ह्यात पावसाळ्यात सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवेतली आर्द्रता बहुतेक दिवस 80 टक्क्यांच्या वर असते. बुरशी रोखायची तर घरात ती 60 टक्क्यांखाली हवी. म्हणून दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्याने बाथरूम सुकेलच असं नाही. आंघोळीनंतर भिंती-फरशी वायपरने निपटणं आणि पंखा किंवा एक्झॉस्ट चालू ठेवणं जास्त कामाचं.

फरशीला पाणी सुटत असेल तर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. पाणी प्लास्टिकच्या वर साचलं तर ते हवेतलं, थंड फरशीवर जमलेलं. खाली साचलं तर ओल जमिनीतून येतेय. पहिल्याला हवा खेळती ठेवणं हा उपाय, दुसऱ्याला गवंडी.

पूर आला तर घड्याळाशी शर्यत असते. जुलै 2021 मध्ये महाड आणि चिपळूणमध्ये घरात पाणी शिरलं, तसं झाल्यास गाद्या, प्लायवूड, पुस्तकं 24 ते 48 तासांत सुकली नाहीत तर बुरशी धरायला लागते. गादी आतून सुकत नाही, ती टाकून दिलेली बरी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणाऱ्यांना दमा आणि श्वसनाच्या तक्रारींचा धोका जास्त असतो. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये डिसेंबर 2020 मध्ये दोन वर्षांचं मूल दगावलं. त्याचं कारण घरातली बुरशी, असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने 2022 मध्ये नोंदवलं आणि तिथे त्यावरून कायदा झाला. घरात दम्याचा रुग्ण किंवा तान्हं बाळ असेल तर साफसफाईच्या वेळी त्यांना दुसऱ्या खोलीत नव्हे, घराबाहेर पाठवा.

ओल्या भिंतीवर ऑगस्टमध्ये रंग काढू नका. ओल आत कोंडते आणि पोपडे येतात. गळती आत्ता शोधा, खूण करून ठेवा, भिंत दिवाळीपर्यंत सुकू द्या आणि मग चुना मारा. ताजा चुना बुरशीला मानवत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचा तो गुण हळूहळू ओसरतो, म्हणून आगोटीच्या कामांत दरवर्षी त्याचा एक हात लागतोच.