पिसू, प्लेग आणि कराचीची मांजर



पावसाळा लागला की मांजर-कुत्री पाळणाऱ्या घरांतून एकच विचारणा होते: विषारी औषध न फवारता पिसवा कशा घालवायच्या? उपायाआधी थोडा इतिहास सांगते, कारण या एवढ्याशा जिवाने एके काळी आपली मुंबई ओस पाडली होती.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. सरकारने गटारांत कार्बोलिक ओतले, घरे रिकामी केली, माणसांना सक्तीने इस्पितळात हलवले. सगळा संशय घाणीवर आणि माणसांवर. आधी घरात उंदीर मरून पडतात, हे लोकांच्या लक्षात आले होते. पण उंदरापासून माणसापर्यंत रोग येतो कसा, ते कळेना.

१८९८ च्या जूनमध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी प्लेगच्या घरातला एक आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला. त्याच्या अंगावर पिसवा होत्याच. आणखी हव्यात म्हणून हॉटेलाजवळ फिरणाऱ्या एका मांजरीच्या अंगावरच्या काढून घेतल्या! मग त्याच बरणीत, जाळीच्या पिंजऱ्यात, एक निरोगी उंदीर सोडला. दोघांचा स्पर्श होणे शक्य नव्हते, उडी मारून जाऊ शकत होत्या फक्त पिसवा. काही दिवसांत निरोगी उंदीर प्लेगने मेला. तरीही अनेकांनी सिमाँना हसण्यावारी नेले. १९०५ नंतर मुंबईत परळला प्लेग आयोगाने प्रयोग केले, तेव्हा कुठे ते पटले. (तुमच्या मनीला घाबरू नका. प्लेगचा मुख्य दोष उंदरावरच्या पिसवेकडे जातो. मांजरीवरची वेगळी, आणि कुत्र्यावरही बहुधा तीच असते.)

आपल्या समाजाचा या जिवांशी संबंध त्याहून जुना. १६८९ मध्ये सुरतेच्या प्रवासाला निघालेल्या जॉन ओव्हिंग्टन या इंग्रज पाद्र्याने लिहून ठेवले आहे की तिथे ढेकूण-पिसवांसाठीही आश्रयस्थान होते, आणि त्यांचे पोट भरावे म्हणून एखाद्या गरिबाला पैसे देऊन रात्रभर खाटेला बांधत. मला या वर्णनात थट्टेचा सूर ऐकू येतो. पण धान्यातले किडे सोडण्यासाठी गुजरातच्या काही पांजरपोळांत जीवातखाना असे, हे खरे. घरात मात्र जीवातखाना नको असेल, तर जीवोत्पत्तीच होऊ न देणे हाच मार्ग उरतो.

आणि तो जमतो, कारण पिसवेचा बहुतेक जन्म जनावराच्या अंगावर जातच नाही. अंडी अंगावरून गळतात. अळ्या सतरंजीखाली, फटींत, धुळीत वाढतात आणि पिसवांच्या विष्ठेतले वाळलेले रक्त खातात. त्यांना दमटपणा हवा, ऊन सोसत नाही. कोष महिनोन्‌महिने थांबू शकतो. म्हणूनच बंद घर उघडले की पायांवर पिसवा उडतात. तेव्हा रोज कोपऱ्या-कोपऱ्यातून केर काढा, जनावराचे अंथरूण झटकून उन्हात टाका, आठवड्याला गरम पाण्याने धुवा. त्यात काही जीव जातात, हे मी लपवणार नाही. गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण चुकत नाही. म्हणूनच झाडणे-झटकणे आधी आणि वारंवार. अंगावरून रोज बारीक दातांची फणी फिरवा.

‘नैसर्गिक’ या शब्दाला भुलू नका. डाल्मेशियातल्या शेवंतीसारख्या फुलांची पूड एकोणिसाव्या शतकात युरोपभर पिसवांवर विकली जाई. फूलच ते, पण कीटकांचा जीवच घेते. तिच्याच धर्तीवर प्रयोगशाळेत बनलेले परमेथ्रिन मांजरीला प्राणघातक ठरू शकते. कुत्र्याचे औषध मांजरीला लावू नये ते त्यासाठीच. टी ट्री तेलही नको. लसूण खाऊ घालण्याचा सल्ला कुणी दिला तर तोही सोडा. आपल्या स्वयंपाकघरात तो नसतोच, आणि कुत्र्या-मांजरांच्या रक्तालाही तो अपाय करतो.

पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या दिसल्या, तर पिसवांनी रक्त कमी केलेले असू शकते. त्या दिवशी फणी बाजूला ठेवून थेट पशुवैद्याकडे जा.