सिगारची रिकामी पेटी आणि एक चुकीचे नाव

अमेरिकेतील लोककलेच्या संग्रहांत एक विशिष्ट प्रकारची लाकडी पेटी आढळते. तिचे झाकण मंदिराच्या शिखरासारखे पायऱ्यापायऱ्यांनी निमुळते होत जाते आणि प्रत्येक पायरीच्या कडेवर करवतीच्या दातांसारख्या त्रिकोणी खाचा ओळीने कोरलेल्या असतात. शेजारच्या पाटीवर लिहिलेले असते : ‘ट्रॅम्प आर्ट’, म्हणजे भणंग भटक्यांची कला. आजचा हा धागा त्या पेटीविषयी आहे आणि त्याहून अधिक त्या पाटीविषयी.

या कलेची कथा सुरू होते ती करवसुलीपासून. यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी अमेरिकी सरकारने १८६२ साली सिगारवर कर बसवला. तो चुकवला जाऊ नये म्हणून नियम उत्तरोत्तर कडक होत गेले. १८६८ च्या कायद्याने ठरवून दिले की, सिगार २५, ५०, १००, २५० किंवा ५०० नगांच्या पेट्यांतच भरले जावेत आणि ती पेटी पूर्वी या कामासाठी वापरलेली नसावी. कर भरल्याची पट्टी पेटीवरच चिकटवली जाई. जुन्या पेटीत नवा माल भरला, तर सरकारचा महसूल बुडणार! तशी ताकीदच पेटीवर छापलेली असे. परिणामी, शेवटचा सिगार संपताक्षणी एक सुबक, धडधाकट पेटी सिगारवाल्याच्या दृष्टीने टाकाऊ ठरे. शतकाच्या अखेरीस अमेरिकेत वर्षाला अब्जावधी सिगार तयार होत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे किती लाकूड फुकटात उपलब्ध झाले असेल याची कल्पना येते.

लाकूडही उत्तम. बहुतेक चांगल्या पेट्या ‘स्पॅनिश सीडर’च्या असत. नावात सीडर असले तरी हे झाड देवदाराचे नातलग नव्हे; ते आपल्या कडुनिंबाच्या कुळातले. हे लाकूड मऊ, सुगंधी आणि खिशातल्या चाकूनेही कापता येईल असे. अडचण एकच : फळी इतकी पातळ की तिच्यात खोल कोरीवकाम शक्य नाही. त्यावर कारागिरांनी शोधलेला उपाय मला या कलेचा प्राण वाटतो. फळीच्या कडेवर खाचा पाडायच्या, तिच्यावर किंचित लहान आकाराची दुसरी खाचदार फळी चिकटवायची, तिच्यावर तिसरी. जी खोली कोरून मिळत नव्हती, ती थरांवर थर रचून मिळवायची. खाचा पाडण्याची जुनी रीत जर्मनी आणि स्कँडिनेव्हियातून आलेल्या स्थलांतरितांच्या हातांत होतीच. अशा रीतीने शिवणाच्या पेट्या, दागिन्यांचे डबे, आरशांच्या चौकटी, घड्याळांची घरे, क्वचित अख्खी कपाटेही तयार झाली.

आता त्या नावाकडे वळू. १९५९ साली फ्रान्सेस लिक्टन यांनी ‘पेनसिल्व्हेनिया फोकलाइफ’ या नियतकालिकात या वस्तूंवर लेख लिहिला आणि त्यांचा संबंध भटक्यांशी जोडला. १८७३ च्या आर्थिक अरिष्टानंतर कामाच्या शोधात रेल्वेमार्गांनी हिंडणारे हजारो बेकार लोक अमेरिकेच्या स्मरणात होतेच. शेकोटीपाशी पेटी कोरणारा आणि एका जेवणाच्या मोबदल्यात ती गृहिणीला देऊन टाकणारा भटका, हे चित्र मोहक होते. ते लोकांना आवडले, विक्रेत्यांना तर फारच आवडले, आणि नाव रूढ झाले.

पण हजारो खाचांचे कपाट पाठीवर घेऊन कोण भटकणार? पुढे ज्या मोजक्या कारागिरांचा माग लागला, ते बहुतांशी कारखान्यांतले कामगार, शेतकरी, सुतार असे घरदार असलेले लोक निघाले. २०१७ साली सँटा फे येथील आंतरराष्ट्रीय लोककला संग्रहालयाने या कलेचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हा तिच्याभोवतीच्या दंतकथांचा उल्लेख थेट शीर्षकातच केला. एखाद्या भटक्याने कधी पेटी कोरलीच नसेल, असे नाही. परंतु या एका नावाने, दिवसभर राबून रात्री दिव्याखाली बायकोसाठी वा मुलीसाठी खाचा पाडत बसलेल्या माणसाला त्याच्याच घरातून बाहेर काढले, ही माझी तक्रार आहे. त्याने बहुधा पेटीवर सहीही केली नव्हती. त्यामुळे प्रतिवाद करायला कोणी उरले नाही.

पुढे सिगारेटचे युग आले, पेट्या पुठ्ठ्याच्या झाल्या आणि ही कला ओसरली. नाव मात्र अजून पाट्यांवर आहे. अशी एखादी पेटी कधी पाहायला मिळाली, तर झाकण उघडून आतली बाजू अवश्य पाहा. पुष्कळदा तिथे सिगारच्या छापाची अक्षरे अजूनही वाचता येतात.