हायड्रोप्लेन : उचलणारी हवाच घातक
नांदेडला गोदावरीत चपटा खडा तिरपा फेकला की तो पाण्यावर उड्या घेत जातो. हायड्रोप्लेन ही शर्यतीची नौका काहीशी तशीच धावते. वेगात तिचा तळ पाण्यावर उचलला जातो आणि पाण्याचा रोध घटतो. टेड जोन्स यांनी आखलेली अमेरिकी नौका 'स्लो-मो-शन ४' पुढचे दोन तरंगते भाग आणि मागचा पंखा एवढ्यावरच टेकत असे. १९५० मध्ये तिने ताशी २५८ किलोमीटर वेगाचा विक्रम केला. मात्र तळाखाली शिरणारी हवा घातकही ठरते. ४ जानेवारी १९६७ रोजी इंग्लंडमधील कॉनिस्टन सरोवरात डोनाल्ड कॅम्पबेल यांची जेट नौका 'ब्लूबर्ड' हवेत उचलली जाऊन उलटली व त्यांचा मृत्यू झाला. मुंबईत मरिन ड्राइव्हलगत मार्च २०१७ मध्ये पॉवरबोट शर्यती झाल्या. तेथे मात्र लाटा कापणाऱ्या 'व्ही' आकाराच्या तळाच्या नौका होत्या.