दोनदा मूळ, एकदा आपल्या भाषेत

आमच्या बाळापुरात जुम्याच्या दिवशी सूरह कहफ वाचणारी घरं बरीच आहेत. या सूरहमध्ये हजरत मूसांची गोष्ट येते. कुरआनात ज्या पैगंबरांचं नाव सर्वांत जास्त वेळा येतं ते मूसाच, आणि त्यांच्या लोकांना कुरआन ‘बनी इस्राईल’ म्हणतो. हा शब्द मी लहानपणापासून वाचत आलो. पण याच नावाचे, मराठी बोलणारे लोक आपल्याच महाराष्ट्रात शतकानुशतकं राहत आले आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

ते म्हणजे कोकणातले बेने इस्रायल. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं. वाचलेले लोक तिथेच राहिले आणि तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. दिवेकर, किहीमकर, राजपूरकर, अष्टमकर ही त्यांची आडनावं कोकणातल्या गावांवरूनच आली आहेत. तोरा, म्हणजे आपण ज्याला तौरात म्हणतो तो ग्रंथ, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या नव्हता. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शमा’ ही एकेश्वराची साक्ष एवढ्यावर त्यांनी आपला दीन टिकवला.

पुढे सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनाघर बांधलं. बेने इस्रायल त्याला ‘मशीद’च म्हणत. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांनी त्यांना उपासनेच्या रीती शिकवल्या. १८३२ मध्ये जॉन विल्सन या पाद्र्याने त्यांच्यासाठी मराठीत हिब्रू व्याकरण छापलं. पाद्र्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी मात्र ती हिब्रू आपलाच धर्म वाचायला वापरली. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं मराठीत आणली. १८८० च्या सुमारास तर तोरातल्या पुरुषांच्या कथांवर मराठी कीर्तनं होऊ लागली.

तोरा वाचण्याची यहुदी पद्धत समजून घेतली की या भाषांतरांचं महत्त्व कळतं. तोराचे ५४ भाग केलेले आहेत. एका भागाला ‘पाराशा’ म्हणतात. दर शनिवारी एक, कधी दोन जोडून, असं वर्षभरात सगळं वाचन पुरं होतं आणि त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतं. ‘पाराशा’ ऐकून आपल्याला ‘पारा’ आठवतो, पण शब्दांचं नातं नाही. आपला पारा फारसीतला, त्यांचा हिब्रूतला. साम्य वेगळ्या ठिकाणी आहे. आपले ‘अलिफ लाम मीम’, ‘सयकूल’, ‘अम्म’ हे पारे जसे सुरुवातीच्या शब्दांवरून ओळखले जातात, तसेच त्यांचे पाराशाही.

तलमूदचा सल्ला असा की आठवड्याचा भाग प्रत्येकाने स्वतः दोनदा मूळ हिब्रूत आणि एकदा भाषांतरात वाचावा. तेव्हा लोकांची बोली अरामी होती, म्हणून भाषांतरही अरामी. पुढे फ्रान्सात रब्बी श्लोमो यित्झाकी (१०४०–११०५) झाले. नावाच्या आद्याक्षरांवरून त्यांना ‘राशी’ म्हणतात. त्यांची तफसीर इतकी मान्य झाली की भाषांतराच्या जागी ती वाचली तरी चालेल, असं धर्मशास्त्राने ठरवलं. हिब्रू शब्द अवघड वाटला की राशी त्याचा अर्थ आपल्या गावच्या फ्रेंच बोलीत देतात. पवित्र ग्रंथाच्या तफसीरीत घरची बोली आणायला त्यांना संकोच वाटला नाही.

पहिल्याच पाराशात आदमच्या दोन मुलांची गोष्ट आहे. तोरा सांगते की काईन भावाशी बोलला. काय बोलला ते सांगत नाही, आणि पुढच्याच शब्दांत खून होतो. राशी थोडक्यात म्हणतात, मारायला निमित्त हवं म्हणून त्याने भांडण उकरून काढलं. त्यांच्या आधीच्या मिद्राशमध्ये भांडणाची कारणंही दिली आहेत. दोघांनी जग वाटून घेतलं. एकाला जमीन, दुसऱ्याला बाकीच्या वस्तू. मग एक म्हणतो, उभा आहेस ती जमीन माझी. दुसरा म्हणतो, अंगावरचं वस्त्र माझं. आणखी एक मत असं की भांडण पवित्र घर कोणाच्या हद्दीत बांधायचं, यावरून झालं. दीड हजार वर्षांपूर्वीचं हे मत आजच्या भारतात वाचताना मी थांबलो.

पुढे अल्लाह काईनला म्हणतो की भावाचं रक्त ओरडतं आहे. मूळ हिब्रूत ‘रक्त’ अनेकवचनी आहे. राशी सांगतात: त्याचं रक्त आणि त्याच्या न जन्मलेल्या वंशाचंही. याच अनेकवचनावरून मिश्नामध्ये, इसवी सन २०० च्या सुमारास, न्यायाधीशांनी साक्षीदारांना द्यायची ताकीद नोंदवली गेली: एक जीव घेणं म्हणजे जग संपवणं, एक वाचवणं म्हणजे जग वाचवणं. आता सूरह माइदा उघडा. दोन भावांची गोष्ट संपते आणि लगेच पुढच्या आयतीत हाच हुकूम येतो. तो आम्ही बनी इस्राईलसाठी लिहून ठेवला होता, असं कुरआन स्वतः सांगतो. काबील आणि हाबील ही नावं मात्र कुरआनात नाहीत. ती आपल्याकडे रिवायती आणि तफसीरींतून आली.

काही दोस्त विचारतात, गाझात हे चाललं असताना यहुद्यांची किताब कशाला वाचायची? मी म्हणतो, त्यासाठीच. एका माणसाच्या रक्तात किती पिढ्या असतात, हे त्यांच्याच तफसीरीत लिहिलेलं आहे. कोणत्याही सरकारला तेच दाखवून जाब विचारता येतो. आणि तीच आयत आपल्या हातांनाही बांधून ठेवते.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. आमच्याकडची पुष्कळ मुलं मराठी शाळेत शिकतात. अरबी ती वाचतात, पण अर्थ कळत नाही. उर्दू तर्जुमा वाचता येत नाही. कुरआनचे मराठी अनुवाद आज मिळतात, पण कपाटातच राहतात. मी सध्या जुम्याला सूरह कहफचा एक रुकू घेतो: दोनदा अरबीत आणि एकदा मराठीत, मुलांना सोबत बसवून. मूसांच्या गोष्टीपर्यंत आम्ही अजून पोचलेलो नाही, पण मुलं आत्ताच विचारू लागली आहेत की मूसा कोणती भाषा बोलत होते.