गप्प बसणाऱ्या मुलांची गोष्ट

१९०२ सालची गोष्ट. ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कमधल्या चार शाळांत लीना रॉजर्स नावाची परिचारिका महिनाभरासाठी, केवळ प्रयोग म्हणून, जाऊ लागली. शाळांत डॉक्टर त्याआधी पाच वर्षे येतच होते. पण त्यांचे काम एवढेच, की खुपऱ्या, खरूज, उवा दिसल्या की चिठ्ठी देऊन मुलाला घरी पाठवायचे. घरात बोलणे इटालियन किंवा यिडिश भाषेत. चिठ्ठी पुष्कळ आयांना वाचताच येत नसे. औषधपाणी होत नसे आणि शाळा बुडे ती बुडेच. लिलियन वॉल्ड या बाई १८९३ पासून त्याच गरीब वस्तीत राहून परिचारिकांचे केंद्र चालवत होत्या. रॉजर्सबाई त्यांच्याच केंद्रातल्या. त्यांनी मलमपट्टी शाळेतच सुरू केली, आणि मुलाच्या घरी जाऊन आईला ती कशी करायची ते करून दाखवले. वर्षभरात घरी धाडल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी उतरली.

खरूज निदान दिसते. देश सोडून आलेल्या मुलाच्या मनात काय चालले आहे हे कसे दिसावे? या प्रश्नाशी अमेरिकेतल्या शाळा शंभर वर्षे झगडल्या. आम्हाला तो इतिहास शिक्षकांनी मुद्दाम वाचावा असा वाटतो, कारण त्यात शिक्षकाच्या नजरेचीच परीक्षा झालेली आहे.

त्या काळी युरोपातून माणसांचे लोंढे येत होते. १९०७ या एका वर्षात एलिस बेटावरच्या तपासणी नाक्यातून सुमारे दहा लाख लोक अमेरिकेत शिरले. १९११ साली सरकारी आयोगाचा अहवाल आला. मोठ्या शहरांतल्या शाळकरी मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे वडील परदेशात जन्मलेले होते. न्यूयॉर्कमध्ये हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होते. वर्ग तुडुंब भरलेले, आणि समोर न बोलणारे मूल. ते मठ्ठ आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे होते, आणि त्याला विज्ञानाचा आधारही मिळाला. हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाने १९१३ साली एलिस बेटावर नुकत्याच उतरलेल्या माणसांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या आणि ८० टक्क्यांच्या आसपास माणसे मंदबुद्धी ठरवली. मोजपट्टी सैल केल्यावर आकडा निम्म्यावर आला, तरी निष्कर्ष तोच. आगबोटीच्या तळमजल्यातून दमूनभागून आलेला, आयुष्यात पेन्सिल न धरलेला माणूस दुभाष्यामार्फत काय उत्तरे देणार, हा साधा प्रश्न त्यांना तेव्हा अडला नाही.

याच सुमारास दुसरी वाट चोखाळली जात होती. १९०६-०७ च्या दरम्यान न्यूयॉर्क, बॉस्टन आणि हार्टफर्ड या शहरांत ‘व्हिजिटिंग टीचर’ म्हणजे घरोघर जाणाऱ्या शिक्षिका नेमल्या गेल्या. पगार सुरुवातीला खासगी संस्थांनी दिला. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने १९१३ पासून हे पद स्वतःचे मानले. वर्गशिक्षिकेने मूल सुचवायचे आणि या बाईंनी घरी जायचे. वर्गात पेंगणारी मुलगी रात्री उशिरापर्यंत आईबरोबर कागदी फुले बांधते, किंवा शाळेशी बोलायला घरात दुसरे कुणी नसल्याने थोरल्या मुलालाच सगळीकडे दुभाष्या म्हणून हिंडावे लागते, असल्या गोष्टी शाळेला कळायला ही एकच खिडकी होती. १९२१ साली कॉमनवेल्थ फंडाने असे काम ३० ठिकाणी करून दाखवायचे ठरवले.

पण पुढे दोन गोष्टी घडल्या. १९२४ च्या कायद्याने दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांसाठी दार जवळजवळ लावून घेतले. आणि या शिक्षिकांचे लक्षही हळूहळू वस्ती आणि घर सोडून एकेका मुलाच्या मनाकडे वळले. त्यात काही हरवले असे आमचे मत आहे, पण एक मोलाची गोष्ट हाती लागली.

१९२८ साली इ. के. विकमन यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या ५० तऱ्हांच्या वागण्याची यादी ५११ शिक्षकांना आणि ३० मानसोपचार-तज्ज्ञांना देऊन, कोणते वागणे किती गंभीर, हे विचारले होते. शिक्षकांच्या यादीत वर होते चोरी, खोटे बोलणे, उद्धटपणा. तज्ज्ञांच्या यादीत वर होते एकलकोंडेपणा, संशयीपणा, उदासी, भित्रेपणा. शिक्षकांच्या बाजूने एक सांगितले पाहिजे. दोन्ही गटांना सूचना सारख्या नव्हत्या. शिक्षकांना आजच्या त्रासाबद्दल, तर तज्ज्ञांना मुलाच्या भवितव्याबद्दल विचारले होते. पण चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग सांभाळणाऱ्याला गप्प मूल म्हणजे सुखच वाटते, हे आपण नाकारू शकतो का?

अशाच एका गप्प मुलाचे नाव लिओनार्ड कोव्हेलो. दक्षिण इटलीत १८८७ साली जन्मलेला हा मुलगा नऊ वर्षांचा असताना न्यूयॉर्कला आला. आडनाव खरे कोव्हिएल्लो; उच्चाराला सोपे जावे म्हणून शाळेतल्या शिक्षिकेने त्यातले एक अक्षर गाळले, आणि त्यावरून घरात वाद झाला. अमेरिकन होताना आपण आई-वडिलांना लाजू लागलो होतो, ही खंत त्यांनी पुढे आत्मचरित्रात मांडली. १९३४ ते १९५६ ते ईस्ट हार्लेममधल्या बेंजामिन फ्रँकलिन हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. मुलाची भाषा आणि त्याचे घर शाळेत आणणे हाच त्यांचा उपचार. ‘मानसिक आरोग्य’ हा शब्द न वापरता केलेला.

१९६५ च्या कायद्याने दार पुन्हा उघडले. आता येणारी माणसे मुख्यतः लॅटिन अमेरिकेतली आणि आशियातली होती. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कागदपत्रे नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेचे दार बंद करता येणार नाही. मूल दवाखान्यात कदाचित कधीच जाणार नाही, शाळेत मात्र येईल. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस लॉस एंजलिसच्या शाळांनी संशोधकांच्या मदतीने शाळेतच उपचार करायचे ठरवले. सुरुवात नव्याने आलेल्या स्पॅनिश, कोरियन, रशियन आणि आर्मेनियन बोलणाऱ्या मुलांपासून झाली, आणि उपचार करणारे होते त्यांच्याच भाषा जाणणारे शाळेतले समाजसेवक.

पद्धत थोडक्यात अशी. भयंकर प्रसंग पाहिलेले मूल त्याची आठवण येईल अशी प्रत्येक गोष्ट टाळू लागते. टाळल्याने घटकाभर बरे वाटते, पण ‘हे खरोखर धोक्याचे नाही’ हे शिकण्याची संधीच मिळत नाही आणि भीती टिकून राहते. म्हणून आठवड्यातून एक तास, छोट्या गटात, मुले आधी श्वास आणि अंग सैल सोडायला शिकतात, मनात येणारे विचार तपासतात, टाळलेल्या गोष्टींकडे पायरीपायरीने जातात, आणि घडले ते चित्रातून किंवा लिहून सांगतात. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेल्या सुमारे २०० मुलांवरच्या पहिल्या चाचणीत थोडी, पण खरी सुधारणा दिसली.

दुसरी चाचणी पूर्व लॉस एंजलिसमधल्या दोन शाळांत झाली. ही वस्ती प्रामुख्याने मेक्सिकन घरांची. इथे सहावीच्या मुलांनाच प्रश्नावली दिली. शिक्षक कोणाकडे बोट दाखवतात याची वाट पाहिली नाही. निवडलेल्या १२६ मुलांपैकी ६१ जणांना दहा तासांचा उपक्रम लगेच मिळाला आणि ६५ जणांना नंतर. कोण आधी, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. २००३ साली निष्कर्ष छापले गेले. तीन महिन्यांनी पहिल्या गटाच्या आघाताच्या लक्षणांचे सरासरी गुण ८.९ होते, वाट पाहणाऱ्यांचे १५.५. उदासीही कमी झाली होती. फरक आई-वडिलांना जाणवला होता. शिक्षकांनी भरलेल्या तक्त्यांत मात्र, दंगा, बुजरेपणा, अभ्यास, कशातही दोन गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा अहवाल वाचताना आम्ही या ओळीशी थांबलो, आणि विकमनची यादी पुन्हा काढून पाहिली.

राहिलेल्या ६५ जणांनाही पुढच्या तीन महिन्यांत तेच दहा तास मिळाले. सहाव्या महिन्यात दोन्ही गट एका पातळीला आले होते.