पिवळ्या पायांचे मूळ

परसात खुराडे बांधून चार गावठी कोंबड्या आणि एक कोंबडा आणला, तेव्हा धाकटीने विचारले, "बाबा, यांचे पाय पिवळे का?" उत्तर शोधताना इतिहासात शिरलो.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. तिची सर्वांत जुनी खात्रीची हाडे थायलंडमधील बान नॉन वाटची, इ.स.पू. १६५० ते १२५० च्या काळातली, असे २०२२ च्या संशोधनात म्हटले आहे. भात-बाजरीच्या दाण्यांमागे हा रानपक्षी माणसाजवळ आला असावा. पण त्याचे पाय राखी! पिवळ्या रंगाचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आले, हे २००८ साली दिसून आले. तो तर आपल्या सह्याद्रीतला, मोलेच्या रानात आरवणारा.

पहिल्या खेपेस मी हॅचरीच्या कोंबड्या आणल्या होत्या. अंडी भरपूर, पण एकही खुडूक झाली नाही; जास्त अंड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड करताना माणसाने त्यांची ती सवयच घालवली. यंदा गावठी कोंबडी दहा अंड्यांवर बसली आणि एकविसाव्या दिवशी आठ पिल्ले निघाली.

तुम्ही सुरुवात करणार असाल, तर निदान दोन गावठी ठेवा. गावातून ती गेली, तर पिल्ले विकतच आणावी लागतील.